तान्ह्या बाळाशी बोलावं कसं? सीमाभागातल्या आईबाबांसाठी आणि आजीआजोबांसाठी

आमच्या बेळगाव भागात बाळ जन्मलं की बारशाच्या आधीच घरात एक प्रश्न निघतो. याच्याशी बोलायचं कुठल्या भाषेत? आजीला मराठीशिवाय दुसरं काही बोलावंसं वाटत नाही. शेजारच्या काकू कन्नड बोलतात. बाबांच्या मनात असतं, पुढं इंग्रजी शाळेतच घालायचं आहे, मग आतापासूनच ‘कम बेबी, ड्रिंक वॉटर’ का नको? कुणी सुचवतं, हिंदी कार्टून लावून ठेवा, आपोआप शिकेल. या ओढाताणीत मूळ गोष्ट मागं पडते. भाषा कुठली हे ठरवणं सोपं आहे, त्याचं उत्तर खाली देतेच. खरी मेहनत आहे ती बाळाशी बोलण्याच्या पद्धतीत, आणि बोलून झाल्यावर त्याच्या उत्तरासाठी थांबण्यात.

आधी हे समजून घ्या: तो लाडीक आवाज कशासाठी असतो

एरवी खणखणीत बोलणारी आजी पाळण्यावर वाकली की तिचा आवाज बदलतो. सूर चढतो, शब्द सावकाश येतात, स्वर लांबतात, वाक्यं तीनचार शब्दांची होतात आणि तेच ते पुन्हा पुन्हा येतं. “कोण आलंऽ? बाबा आऽले! बाबा आले की गं!” हे तिला कुणी शिकवलेलं नसतं. शिकलेल्या तरुण बापांना मात्र असं बोलायची लाज वाटते, चारचौघांत तर फारच. ती लाज सोडावी, कारण बाळाच्या कानाला नेमकं हेच हवं असतं.

१९८५ साली ॲन फर्नाल्ड या संशोधिकेनं दाखवलं की चार महिन्यांची बाळं मोठ्यांच्या आपसातल्या बोलण्यापेक्षा बाळांशी केलेलं असं बोलणं ऐकणं पसंत करतात. १९९० मध्ये दोन दिवसांच्या बाळांतही हीच ओढ दिसली. २०२० मध्ये वेगवेगळ्या देशांतल्या ६७ प्रयोगशाळांनी मिळून हाच प्रयोग केला, निष्कर्ष तोच. १९९७ मध्ये पॅट्रिशिया कूल आणि सहकाऱ्यांनी अमेरिकन, रशियन आणि स्वीडिश आयांचं बोलणं मोजलं तेव्हा कळलं की बाळाशी बोलताना आया ‘ई’, ‘आ’, ‘ऊ’ हे स्वर अधिक ताणून, एकमेकांपासून अधिक वेगळे करून उच्चारतात. म्हणजे लाड करता करता आई बाळाला भाषेचे आवाज सुटे करून दाखवत असते.

या विषयाच्या अभ्यासात आपली मराठी अगदी सुरुवातीपासून आहे. चार्ल्स फर्ग्युसन या भाषाशास्त्रज्ञानं १९६४ मध्ये सहा भाषांतल्या बाळबोलीची तुलना केली, त्या सहांत मराठी होती. त्याच वर्षी अशोक केळकरांनी मराठी बाळबोलीवर स्वतंत्र अभ्यास प्रसिद्ध केला. माऊ, भूभू, मम्मं, जोजो हे शब्द आपण घरगुती म्हणून सोडून देतो, त्यांच्यावर भाषाशास्त्रज्ञांनी इतकं बारकाईनं काम केलं आहे.

एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी. जगात सगळीकडे बाळांशी असं बोलत नाहीत. पापुआ न्यू गिनीतल्या कालुली लोकांत तान्ह्या बाळाला उद्देशून फारसं बोलतच नाहीत, तरी त्यांची मुलं भाषा शिकतात. त्यामुळं एखादा दिवस दमणुकीत गेला आणि बाळाशी बोलणं झालं नाही, तर मनाला लावून घेऊ नका. ही पद्धत म्हणजे बाळाचा रस्ता सोपा करून देणं आहे.

पहिली पायरी: प्रत्येकानं आपापली भाषा धरावी

ज्या भाषेत तुम्ही भांडता, रडता, लाड करता, त्याच भाषेत बाळाशी बोला. सीमाभागातल्या बहुतेक मराठी घरांत ती मराठीच असते, आणि आपल्याकडची मराठी: “ये की रे”, “काय म्हणतीस गं?”, “व्हय व्हय, दूध पायजे व्हय?” तिला पुणेरी करायची काही गरज नाही. बाळाला लागतं ते भरपूर, ओघवतं, भावनेनं भरलेलं बोलणं. ते परक्या भाषेत जमत नाही. ज्यांचं इंग्रजी मोजक्या वाक्यांचं आहे ते बाळाशी इंग्रजीत बोलायला लागले की बोलणंच आटतं. ‘कम’, ‘सिट’, ‘नो’, ‘गुड गर्ल’, संपलं. त्याच आईला मराठीत दिवसभर पुरेल इतकं बोलणं असतं.

मग कन्नडचं काय? कन्नड बोलणारी शेजारीण रोज बाळाला कडेवर घेऊन “बा इल्ली, बा” (ये इकडं, ये) म्हणत असेल, तर बाळाचं भाग्यच. तिला मराठीत बोलायला लावू नका. बाळं गोंधळत नाहीत. गरोदरपणात दोन्ही भाषा बोलणाऱ्या आयांची नवजात बाळं दोन्ही भाषांकडे कान देतात आणि त्या वेगळ्या ओळखतातही, असं २०१० मध्ये कॅनडातल्या अभ्यासात दिसलं.

इथं आवाजांबद्दल थोडं खोलात जाते. १९८४ मध्ये जॅनेट वर्कर आणि रिचर्ड टीस यांनी इंग्रजी घरांतल्या बाळांना हिंदीतले ‘त’ आणि ‘ट’ ऐकवले. सहाआठ महिन्यांच्या बाळांना तो फरक कळत होता. दहाबारा महिन्यांची होईपर्यंत बहुतेकांचा तो कान गेलेला होता, कारण त्यांच्या घरी तो फरक कुणी करतच नव्हतं. आपल्या बाळाला ‘ताक’ आणि ‘टाक’ दिवसभर ऐकू येतात, त्यामुळं त्याचा कान टिकतो. मराठी आणि कन्नड दोन्हींत त-ट आहेत, ण आहे, ळ आहे. शिवाय मराठीत ‘चिमणी’तला च वेगळा आणि ‘चमचा’तला वेगळा. कन्नडमध्ये ऱ्हस्व आणि दीर्घ ए, ऱ्हस्व आणि दीर्घ ओ असे वेगळे स्वर आहेत, जे मराठीत नाहीत. पहिल्या वर्षात दोन्ही भाषा माणसांच्या तोंडून ऐकणाऱ्या बाळाला हे सगळे फरक फुकटात मिळतात. मोठेपणी कन्नड शिकायला बसलेल्यांना विचारा, ऱ्हस्व-दीर्घ ‘ए’ ऐकू यायलाच किती दिवस जातात.

भाषेच्या हक्काचा इथला प्रश्न खरा आहे. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेपासून घरोघरी त्याची झळ बसली आहे, आणि तो मोठ्यांनी मोठ्यांच्या ठिकाणी जरूर मांडावा. पाळण्याशी आलेल्या कन्नड मावशीला त्या वादात ओढू नये, इतकंच मी म्हणते.

दुसरी पायरी: जवळ या, गोंगाट कमी करा, सूर लावा

नवजात बाळाला साधारण वीतभर ते हातभर अंतरावरचंच नीट दिसतं. म्हणून बोलताना त्याच्या चेहऱ्यासमोर या. तुमचे ओठ कसे हलतात हेही ते बघत असतं.

मग घरातला गोंगाट. वडगाव, शहापूर, खासबाग भागात ज्यांच्या घरातच माग आहेत त्यांना हे जास्त लागू आहे. मागाच्या खडखडाटात मोठ्या माणसाला वाक्याचा अर्थ लागतो, कारण अर्धवट ऐकू आलेले शब्द तो मनानं पुरे करतो. बाळाला शब्दच माहीत नसतात, ते पुरे कशानं करणार? पाळणा मागाच्या खोलीत ठेवू नका. जागाच नसेल तर माग बंद असतानाची वेळ, जेवणाची सुट्टी, वीज गेलेली वेळ ही बोलण्याची वेळ समजा. दिवसभर चालू राहणाऱ्या टीव्हीचंही तेच. कुणी बघत नसेल तर बंद करा.

आता सूर. आवाज चढवा म्हणजे ओरडा असं नाही. वाक्य छोटं करा, महत्त्वाचा शब्द शेवटी आणा आणि तोच ताणा: “हे बघ, चेंऽडू. कुठं गेला चेंऽडू?” आठ महिन्यांची बाळं सलग बोलण्यातून कुठले आवाज पुन्हा पुन्हा एकत्र येतात हे टिपून शब्द सुटे करतात, हे १९९६ पासून माहीत आहे. तोच शब्द वेगवेगळ्या वाक्यांत आला की त्यांचं काम हलकं होतं.

एक फरक मात्र पाळा. सूर लाडीक असू द्या, उच्चार बोबडे नकोत. “ताय झालं माज्या लाजाला?” असं मुद्दाम तोतरं बोलू नका. बाळ बोबडं बोलतं कारण त्याची जीभ अजून वळत नाही. ऐकायला त्याला स्वच्छ ‘काय’ आणि स्वच्छ ‘राजा’ हवे असतात. माऊ, भूभू, हम्मा, भुर्र, बाऊ यांची गोष्ट निराळी. ते भाषेतले रीतसर शब्द आहेत, फक्त बाळांसाठी राखलेले. एडिनबरा विद्यापीठातल्या संशोधकांना २०१८ मध्ये आढळलं की ज्या बाळांच्या कानावर असे दुहेरी आवाजाचे आणि लाडाच्या शेपटीचे, म्हणजे शेवटी लाडाचा प्रत्यय जोडलेले, शब्द जास्त पडतात, त्यांचा शब्दसाठा पुढं लवकर वाढतो. तेव्हा निःसंकोच वापरा, आणि वर्षाच्या आसपास दोन्ही शब्द शेजारी ठेवायला लागा: “माऊ आली! मांजर आली बघ, माऊ.”

तिसरी पायरी: थांबा

माझ्या मते सगळ्यात मोलाची पायरी हीच, आणि सगळ्यात जास्त लोक इथंच चुकतात. बाळाशी बोलायला हवं हे कळलं की काही जण रेडिओसारखे अखंड बोलत सुटतात. बाळाला मध्ये शिरायला जागाच राहत नाही.

अंघोळीच्या आधीची मालिश घ्या. आजी पाय पसरून बसली आहे, पायांवर सहा महिन्यांची नात, वाटीत कोमट तेल.

“हात कुठं गं? हा बघ हाऽत. दुसरा हात कुठं?”

इथं आजी थांबते. तेलाचा हातही थांबतो. ती नातीच्या तोंडाकडे बघते. नात पाय झाडते, ओठ हलवते, मग: “अंऽगं.”

“व्हय? देणार नाही म्हणतीस? बरं बाई, पाय तरी दे की.”

पुन्हा थांबणं. पुन्हा “अंऽ”.

“हा आला पाऽय!”

या चार ओळींत किती गोष्टी झाल्या बघा. हात, पाय ही नावं ते ते अवयव हातात धरून आली. प्रश्न आला. बाळाला उत्तराला वेळ मिळाला. जो आवाज निघाला तो आजीनं उत्तर म्हणून धरला आणि त्याला साजेसं पुढचं बोलली. आपण आवाज काढला की माणूस बोलतं, हे बाळाला इथं कळतं. मायकेल गोल्डस्टीन यांच्या २००३ च्या प्रयोगात, आठेक महिन्यांच्या बाळांनी आवाज काढल्याबरोबर आईनं हसून, जवळ येऊन, हात लावून दाद दिली तेव्हा बाळांचे आवाज अधिक स्पष्ट, अक्षरांसारखे होत गेले. आईची दाद आवाजाशी मेळ न खाता भलत्या वेळी आली, तेव्हा तसं झालं नाही.

थांबायचं किती? मनात सावकाश पाच अंक मोजा. सुरुवातीला ते फार लांब वाटतं. लहान बाळाला तोंडाची जुळवाजुळव करायला तेवढा वेळ लागतो. उत्तर आवाजाचंच असेल असंही नाही. रोखून बघणं, हसणं, हात हलवणं, सगळं उत्तर म्हणून धरा. आणि त्यानं मान फिरवली, जांभई दिली, कुरकुर केली तर ‘आता पुरे’ असं समजून गप्प बसा.

चौथी पायरी: रोजच्या कामातच बोलणं बसवा

वेगळा ‘बोलण्याचा तास’ काढायची गरज नाही, तो कुणाला मिळतही नाही. न्हाणं, धुरी, नाचणीचं सत्त्व भरवणं, लंगोट बदलणं, दारात उभं राहून येणारंजाणारं बघणं, एवढ्यात सगळं बसतं. रोज तीच कामं त्याच क्रमानं होतात आणि त्याच वेळी तेच शब्द येतात, म्हणून तर ते लवकर पक्के होतात. २०१२ च्या एका अभ्यासात सहा ते नऊ महिन्यांच्या बाळांना खाण्याच्या आणि शरीराच्या नेहमीच्या काही शब्दांचा अर्थ कळत असल्याचं दिसलं. तोंडातून एक शब्द फुटायच्या कितीतरी आधी!

भरवताना “एक घास चिऊचा, एक घास काऊचा” करताच, त्यात घासाचं वर्णन घाला: गरम आहे, फुंकर मारूया, आता गार झाला. दारात उभे असाल तर बाळ कुठं बघतंय ते आधी बघा आणि त्याचंच नाव घ्या. ते म्हशीकडे बघत असताना तुम्ही “ते बघ विमान” म्हणालात तर दोन्ही हुकतात.

निपाणी भागात घरी बसून विड्या वळणाऱ्या आयांचे हात मोकळे नसतात, तोंड मोकळं असतं. सूप घेऊन बसल्या जागेवरूनही बाळाच्या आवाजाला उत्तर देता येतं: “काय गं? मला बोलावलंस? आले हं, एवढी विडी होऊ दे.” फक्त तंबाखूची धूळ बाळापर्यंत पोचू देऊ नका. त्याला दुसऱ्या खोलीत किंवा वाऱ्याच्या वरच्या बाजूला, पण नजरेच्या टप्प्यात ठेवा, आणि घेण्याआधी हात धुवा, पदर बदला. खानापूरकडे आईबाप रोपलावणीला गेले की बाळ दिवसभर आजीआजोबांकडे असतं. अशा घरी ही सगळी माहिती आधी आजोबांना सांगावी. त्यांच्याकडे वेळ असतो, आणि आपण बोललेलं बाळाला कळतं यावर त्यांचा विश्वास बसला की ते थांबत नाहीत.

पाचवी पायरी: वय वाढेल तसं बोलणं वाढवा

पहिले तीन महिने चेहरा, सूर आणि त्याच्या आवाजाची नक्कल. ते “आऽ” म्हणालं, तुम्ही “आऽ” म्हणा. चौथ्यापासून आठव्यापर्यंत नावं, टाळ्यांचे खेळ, लपाछपी, बडबडगीतं. नऊच्या पुढं बाळ बोट दाखवू लागतं. त्या प्रत्येक बोटाला नाव द्या.

वर्षानंतर काम बदलतं. ते एक शब्द बोललं की तुम्ही त्याचं वाक्य करा. “बाबा!” “हो, बाबा गेले. गाडीवरून गेले.” ‘दादी’ म्हणालं तर “दादी नाही, गाडी म्हण” असं धरून बसू नका. “हो, मोठी गाडी आली” म्हटलं की योग्य उच्चार कानावर पडतो आणि गप्पाही तुटत नाहीत. मराठीत तर यात आणखी एक शिकणं दडलेलं आहे. मोठा ट्रक, मोठी गाडी, मोठं घर: नामाप्रमाणं विशेषण बदलतं, आणि हे मुलाला नियम सांगून येत नाही, शेकडो वेळा ऐकून येतं. म्हणून नुसती नावं सांगत बसू नका. रंग, आकार, चव सगळं जोडा: गोड केळं, गोडच का, तर पिकलेलं केळं, हिरवं नव्हे पिवळं. ‘पिवळा-पिवळी-पिवळं’ची घडी अशीच बसते.

दोन वर्षांनंतर झालेल्या गोष्टी सांगा. काल खडेबाजारात काय बघितलं, पावसात कोण भिजलं. तोवर तुमचा तो चढा सूर आपोआप उतरलेला असेल, मुद्दाम सोडावा लागत नाही.

मोबाईल, आणि लांब असलेले बाबा

कूल यांच्याच २००३ च्या प्रयोगात नऊ महिन्यांच्या अमेरिकन बाळांशी चिनी भाषा बोलणारी माणसं बारा वेळा समोर बसून खेळली, पुस्तकं दाखवली. त्या बाळांना चिनी आवाजांतले फरक कळू लागले. तेच बोलणं तेवढाच वेळ पडद्यावर दाखवलेल्या बाळांना काहीच आलं नाही. पडदा थांबत नाही, बाळाच्या आवाजाला उत्तर देत नाही. जागतिक आरोग्य संघटनेनं २०१९ मध्ये सांगितलं आहे की वर्षाच्या आतल्या बाळाला पडदा अजिबात नको, आणि दुसऱ्या वर्षातही बसवून दाखवू नये.

व्हिडिओ कॉल यात धरू नका. समोरचं माणूस खरोखर ऐकून उत्तर देत असेल तर दोन-अडीच वर्षांची मुलं त्यातूनही नवे शब्द शिकतात, हे २०१४ मध्ये दिसलं आहे. मराठा लाईट इन्फंट्रीचं केंद्र बेळगावात, फौजेत असलेले बाप आपल्या भागात गावोगावी. शिवाय पुण्याला, गोव्याला कामाला असलेले वेगळेच. त्यांनी फोनवर नुसतं “बाळा, बाळा” न करता बाळाच्या हातात काय आहे ते विचारावं, उत्तरासाठी थांबावं. आईनं बाजूला बसून दुवा व्हावं: “बाबांना भूभू दाखव.”

दोन भाषा मिसळल्या तर

अंगणवाडीत कन्नड कानावर पडलं की मूल एक दिवस घरी येऊन म्हणेल, “मला नीरु पायजे.” रागावू नका, हसू नका. “पाणी पायजे? घे पाणी. ताईंकडे नीरु म्हणतात ना? शाब्बास.” मिसळणं हा दोन भाषा वाढत असल्याचा एक टप्पा आहे. एखादं मूल उशिरा बोलतंय म्हणून घरातली मराठी बंद करा असा सल्ला कुणी दिला तर तो मानू नका. दोन भाषांमुळं बोलायला उशीर होत नाही, आणि घरची भाषा काढून घेतली की मुलाशी सगळ्यात जास्त बोलणारं माणूसच, म्हणजे आजी, गप्प होते.

कधी दाखवायचं

‘याचा बापही उशिराच बोलला होता’ म्हणून थांबू नका. मोठ्या आवाजाला बाळ दचकत नसेल, सहा महिन्यांत आवाजाच्या दिशेला वळत नसेल, दहा महिन्यांपर्यंत ‘बाबाबा’, ‘दादादा’ नसेल, सोळाव्या महिन्यापर्यंत एकही शब्द नसेल, दोन वर्षांत ‘बाबा ये’सारखे दोन शब्द स्वतःहून जोडत नसेल, किंवा आधी येत असलेले शब्द गेले असतील, तर लगेच दाखवा. पहिली तपासणी कानांची. काच पेटीत राहिलेलं, कावीळ फार वाढलेली, मेंदूज्वर झालेलं बाळ असेल, किंवा घरात मामा-भाची, आतेमामे भावंडं असं नात्यातलं लग्न असेल, तर लक्षणांची वाट न बघता जन्मानंतरच कान तपासून घ्या. आपल्याकडे अशी लग्नं बरीच होतात आणि जन्मजात बहिरेपणाचा धोका त्यात वाढतो. कानाच्या ओएई आणि बेरा या दोन्ही तपासण्यांत दुखत नाही; बाळ झोपलेलं असताना होतात.

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक अंगणवाडीत येतं तेव्हा ही शंका बोलून दाखवा. आशाताईंनाही विचारा. पुढं न्यावं लागलं तर म्हैसूरची अखिल भारतीय वाक् श्रवण संस्था कर्नाटकातच आहे.

जाण्याआधी एका वहीत मुलाला येणारे शब्द लिहून काढा. मराठी, कन्नड, हिंदी, जे असेल ते. ‘माऊ’ही लिहा, ‘हालु’ (कन्नडमध्ये दूध) हेही लिहा. नुसते मराठी शब्द मोजले तर मूल मागं वाटेल, म्हणून तपासणाऱ्यांना सगळ्या भाषांतले शब्द एकत्र धरायला सांगा.